कृष्णविवरातून काहीच बाहेर येत नाही, मग ठेका कोण धरतंय?

सायंतारा
शनिवार, रात्री १०:४०

माझी भाची पुण्यात एम.एस्सी.ला आहे. तिचा प्रकल्प ॲस्ट्रोसॅट उपग्रहाच्या विदेवर (डेटावर) आहे. विषय 'जीआरएस १९१५+१०५' नावाचं कृष्णविवर आणि त्याच्याभोवती फिरणारा तारा. दिवाळीला घरी आली ती लॅपटॉप घेऊनच. चकल्यांचा डबा बाजूला सारून तिने मला तीन चित्रं दाखवली.

पहिल्यात एक रेघ वर-खाली होत होती. साधारण मिनिटाभराने एक उसळी, मग पडझड, परत हळूहळू चढ, परत उसळी. कार्डिओग्रामच वाटला. म्हणाली, "मावशी, ह्याला हृदयठोका-वर्ग म्हणतात." दुसरं चित्र दुसऱ्या दिवसाच्या निरीक्षणाचं, कुठली वारंवारिता किती जोरात आहे ते दाखवणारं. डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी टेकडी आणि तिच्या उतारावर मध्येच उभा एक सुळका, तीन-साडेतीन हर्ट्झला. "हा क्यूपीओ, म्हणजे अर्ध-आवर्ती दोलन." तिसऱ्यात पार डाव्या टोकाला आणखी एक सुळका होता, ०.०००१७ हर्ट्झला. हा तिचा स्वतःचा शोध आहे म्हणे. गाइडला अजून सांगितलेलं नाही.

मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवलं. फूरिए मला भीती घालत नाही. पण मूळ गोष्टच कळली नाही. कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही असं आपण पोरांना सांगतो. मग ही उसळी कुणाची? आणि ह्या दोलनांना 'अर्ध-आवर्ती' का म्हणायचं? आवर्ती असेल तर आहे, नसेल तर नाही. भाचीने समजावलं, पण तिचं अर्धं लक्ष फोनमध्ये होतं. इथल्या जाणकारांनी जरा उलगडून सांगावं.

---

मुळ्याची भाजी
शनिवार, रात्री १०:५२

पहिला नंबर माझा. विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण चकल्या भाजणीच्या होत्या का?

---

खग्रास
शनिवार, रात्री ११:३५

छान धागा. ठेका कृष्णविवर धरत नाही, त्याच्या उंबरठ्यावरचा माल धरतो.

शेजारच्या ताऱ्याकडून वायू ओढला जातो. तो सरळ आत पडू शकत नाही, कारण त्याला फिरण्याची गती आहे. मोरीच्या जाळीभोवती पाणी फिरतं तशी त्याची तबकडी होते. घर्षणाने आतला भाग कोटीभर अंश केल्व्हिनपर्यंत तापतो आणि क्ष-किरण फेकू लागतो. आपण पाहतो ते सगळं घटना क्षितिजाच्या, म्हणजे जिथून परत फिरता येत नाही त्या सीमेच्या, बाहेरचं. एकदा आत गेलेल्याचा हिशोब नाही.

जीआरएस १९१५+१०५ ह्या मंडळींतला सगळ्यात द्वाड पोरगा. १९९२ मध्ये ग्रॅनॅट ह्या रशियन उपग्रहावरच्या उपकरणाने तो शोधला. नावातले आकडे म्हणजे त्याचा आकाशातला पत्ता. गरुड तारकासमूहात आहे, पण मधल्या धुळीमुळे साध्या प्रकाशात दिसत नाही. वस्तुमान सुमारे १२.४ सूर्य, अंतर अंदाजे २८,००० प्रकाशवर्षं. जोडीदार तारा आणि तो एकमेकांभोवती ३३.८५ दिवसांत फिरतात. १९९४ मध्ये ह्याच्यातून निघालेले झोत प्रकाशापेक्षा वेगाने जात असल्यासारखे दिसले. तो दृष्टिभ्रम आहे, झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने थोडा आपल्या दिशेने आला की असं वाटतं. आपल्या आकाशगंगेत ते तेव्हा पहिल्यांदाच दिसलं.

सायंताराताई, गणित तुमचंच. प्रत्येक सूर्यवस्तुमानामागे क्षितिजाची त्रिज्या ३ किलोमीटर. म्हणजे ह्याची ३७. सीएसएमटीवरून स्लो लोकल पकडली तर ठाण्याच्या जरा पुढे गेल्यावर तुम्ही कडेला पोचाल. कृष्णविवर फिरत नाही असं धरलं तर माल ज्या शेवटच्या कक्षेत स्थिर फिरू शकतो तिची त्रिज्या ह्याच्या तिप्पट, ११२ किलोमीटर. तिथे एक फेरी सेकंदाच्या १७७व्या भागात पुरी होते. एवढ्याशा जागेत घडणारं काहीही सेकंदाच्या बारीक तुकड्यांतच घडणार. म्हणून वेळ मोजायची. फोटो काढून हे दिसणार नाही, पण घड्याळ लावून दिसतं.

---

तिरकस कोन
रविवार, सकाळी ७:०५

'हृदयठोका' म्हणजे बातमीदारांचा आवडता शब्द. त्यावर आवाज चढवून व्हिडिओ फिरतात, 'ऐका कृष्णविवराचं हृदय'. पोकळीतून आवाज येत नाही हे शाळेत शिकवायचं आणि घरी येऊन हे फॉरवर्ड करायचं.

---

काहीलकर
रविवार, सकाळी ८:२०

तिरकसराव, सकाळी सकाळी काढा प्यायलात काय? आकडे आवाजात बदलले तर बिघडलं कुठं. डॉक्टर पण ईसीजीचा बीप ऐकतोच की.

खग्रासदादा, पण ही मिनिटाभराची उसळी कशापायी? तुम्ही म्हणता सगळं मिलिसेकंदात होतं, मग मिनिट लागतं कशाला?

---

खग्रास
रविवार, सकाळी ९:४८

काहीलकर, नेमका प्रश्न. मिनिट हा फेरीचा वेळ नाही, भरण्याचा आहे.

जुन्या रेल्वे स्टेशनवरच्या मुतारीत वर एक लोखंडी टाकी असायची, आठवते? नळ बारीक सोडलेला. पाणी थेंब थेंब भरत राही, कुणी हात लावत नसे, आणि ठरावीक उंची गाठली की सायफन लागून धडाड् करून सगळी टाकी रिकामी. मग परत थेंब थेंब. नळाची धार एकसारखी, पण खाली पडणारं पाणी उसळ्यांनी. तबकडीच्या आतल्या भागाचं असंच मानतात. माल येत राहतो, आतला भाग तापत जातो, प्रकाशाचा दाब एवढा वाढतो की तबकडी त्या अवस्थेत टिकू शकत नाही. आतला भाग झटकन रिकामा होतो, उसळी दिसते, मग पुन्हा भरणं सुरू. टाकी मोठी तर थांबा मोठा.

आणि हा प्राणी एकाच चालीने चालत नाही. बेलोनी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये त्याच्या वागण्याचे १२ वर्ग पाडले, त्यांना ग्रीक अक्षरं दिली. हृदयठोका हा त्यातला 'ऱ्हो'. गंमत म्हणजे बाराही वर्ग तीनच मूळ अवस्थांच्या अदलाबदलीने बनतात असं त्यांनी दाखवलं. तीन स्वरांत बारा चिजा.

---

मुळ्याची भाजी
रविवार, सकाळी ९:५५

मुतारी ते कृष्णविवर. ह्या धाग्याने माझे पैसे वसूल.

---

रानभुली
रविवार, सकाळी ११:१०

'अर्ध-आवर्ती' ह्या शब्दावर माझा आक्षेप नोंदवून घ्या. अर्ध म्हणजे निम्मं. हे निम्मं आवर्ती नाहीये, आवर्ती असल्यासारखं आहे. 'आवर्तीसम' किंवा 'आवर्तवत्' म्हणा. पाठ्यपुस्तकांत एकदा चुकीचा शब्द बसला की पन्नास वर्षं उठत नाही.

---

मुळ्याची भाजी
रविवार, सकाळी ११:१३

पाव-आवर्ती. चहाबरोबर पण जाईल.

---

ढोलताशा_८७
रविवार, दुपारी १:३०

शब्द काहीही ठेवा, गोष्ट मी सांगतो. गेली अकरा वर्षं पथकात ढोल वाजवतोय.

मेट्रोनोम लावला तर तो तासाभरानेही पहिल्या टोल्याच्या हिशोबात असतो. न्यूट्रॉन ताऱ्याचे स्पंद असे, कारण तिथे एक घट्ट गोळा फिरतोय. आता मिरवणुकीतलं पथक घ्या. चाळीस ढोल, ताशाने लय दिलीय. ऐकणाऱ्याला ठेका स्वच्छ ऐकू येतो. पण चौकात वळताना लय चढते, कुणी हात बदलतो, पाच-दहा टोल्यांनंतर मूळ मोजणीशी ताळा राहत नाही. तरी कुणी म्हणेल का की ठेका नव्हता? रेकॉर्डिंगचं वारंवारिता-चित्र काढलं तर मेट्रोनोमची सुईसारखी रेघ येईल आणि आमच्या पथकाचा जाडसर सुळका. तो जाडसर सुळका म्हणजे क्यूपीओ.

किती जाडसर ह्यालाही माप आहे. मधली वारंवारिता भागिले सुळक्याची रुंदी. दोनाच्या वर आलं तर ठेका म्हणायचं, खाली आलं तर नुसता गोंगाट. आमच्या पथकाचा आकडा विसर्जनाच्या रात्री बाराला काढू नका.

---

सायंतारा
रविवार, दुपारी २:१५

ढोलताशा, तुम्ही वर्गात असता तर मला फळा पुसायला ठेवलं असतं. आता 'अर्ध' कळलं. रानभुली, आवर्तीसम मला पटतं.

पण पथकात माणसं एकमेकांकडे बघून वाजवतात. तबकडीतल्या वायूला ताशा कोण देतो?

---

खग्रास
रविवार, दुपारी ४:२२

इथे भांडण सुरू होतं, बसून घ्या.

तुमच्या भाचीचा तीन-साडेतीन हर्ट्झचा सुळका 'सी' प्रकारचा असणार. हे साधारण ०.१ ते १०-१५ हर्ट्झमध्ये सापडतात आणि सरकतात. स्फोट, म्हणजे क्ष-किरणांतला मोठा भडका, सुरू झाला की काही दिवसांत सुळका चढत जातो. सगळ्यात जास्त मान्यता असलेलं स्पष्टीकरण १९१८ च्या लेन्झ आणि थिरिंग ह्यांच्या गणितावर उभं आहे. फिरणारं वस्तुमान आपल्या भोवतीचं अवकाशही थोडं ओढत नेतं. काहीलकर, दाट काकवीत रवी फिरवली तर जवळची काकवी रवीबरोबर फिरते, लांबची जवळपास जागेवर, तसंच. आता कृष्णविवराचा अक्ष आणि आत येणाऱ्या मालाची पातळी एका रेषेत नसतील तर आतला फुगीर गरम भाग भोवऱ्यासारखा डुलतो. स्टेला आणि विएत्री ह्यांनी १९९८ मध्ये ही दिशा दाखवली, इन्ग्राम, डन आणि फ्रॅगिले ह्यांनी २००९ मध्ये आतल्या सगळ्या फुगवट्यालाच डोलवलं. फुगवटा आक्रसत गेला की डुलणं जलद होतं, म्हणून सुळका सरकतो.

ताशा देणारा असा. अवकाशच.

---

तिरकस कोन
रविवार, सायंकाळी ५:४०

आलात ना मुद्द्यावर. गोष्ट सुंदर आहे, म्हणूनच मला तिची भीती वाटते.

जरा इतिहास. १९७१ मध्ये उहुरू उपग्रहाच्या विदेत हंस तारकासमूहातल्या सिग्नस एक्स-१ ह्या कृष्णविवराची झपाझप लकलक दिसली आणि ७३ मिलिसेकंदांचा आवर्त सापडला असं छापून आलं. मग इतरांना वेगळे आवर्त सापडले. पुढच्याच वर्षी टेरेलने दाखवलं की कुठलाही आवर्त नसताना, नुसते यदृच्छेने पडणारे छोटे स्फोट एकावर एक चढले तरी अशी खोटी लय तयार होते. पत्र्यावर पाऊस पडताना मध्येच एखादी ओळ गाण्यासारखी वाटते तसं. लकलक खरी होती आणि तिच्यामुळेच स्रोत फार लहान आहे हे कळलं. पण 'ठेका' ऐकणाऱ्यांच्या कानात होता.

तेव्हा सुळका दिसला इथपर्यंत मी तुमच्याबरोबर. 'अवकाश ताशा वाजवतं' ह्याला पुरावा?

---

खग्रास
रविवार, रात्री ८:०५

टेरेलचा दाखला बिनतोड. पण आता आपण सुळक्याची खात्री संख्याशास्त्राने करून घेतो, नुसत्या डोळ्यांनी नाही.

पुरावा म्हणाल तर एच१७४३-३२२ हे दुसरं कृष्णविवर. इन्ग्राम आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक्सएमएम-न्यूटन आणि नूस्टार ह्या दोन दुर्बिणींची विदा एकत्र घेतली. तिथला क्यूपीओ सुमारे चार सेकंदांचा. त्यांनी त्या चार सेकंदांच्या चक्रात लोखंडाच्या अणूंची क्ष-किरण रेषा कशी हलते ते पाहिलं. डुलणारा फुगवटा तबकडीच्या एका बाजूला उजेड टाकणार, मग दुसऱ्या. जी बाजू आपल्याकडे येतेय ती उजळली तर रेषा जास्त ऊर्जेकडे सरकणार, लांब जाणारी उजळली तर कमी ऊर्जेकडे. रेषा चक्राबरोबर खरंच तशी झुलली. गोलगोल फिरवलेला टॉर्च, दुसरं काय.

---

तिरकस कोन
रविवार, रात्री ८:३१

एक स्रोत. चांगला पुरावा आहे, मान्य. एका शिताने भाताची परीक्षा होते, पण ते शीत त्याच भांड्यातलं असावं लागतं. जीआरएस १९१५ चं भांडं वेगळं, तुम्हीच त्याला द्वाड म्हणालात.

आणि त्याच्याच ६७ हर्ट्झच्या सुळक्याबद्दल बोला की. तिथे तुमचा भोवरा काय करतो?

---

नळीतला झेनॉन
रविवार, रात्री ११:१८

बरेच दिवस नुसता वाचत होतो, पण आता राहवलं नाही. पूर्वी ह्या क्षेत्रात होतो, सध्या विमा कंपनीसाठी आकडेमोड करतो. त्यामुळे जे लिहितो ते थोडं जुनं समजा.

६७ हर्ट्झ हा खरा कोड्याचा भाग. मॉर्गन, रेमिलार्ड आणि ग्राइनर ह्यांनी १९९७ मध्ये अमेरिकेच्या आरएक्सटीई उपग्रहाच्या विदेतून तो मांडला. सी-प्रकारचा सुळका रोज जागा बदलतो, हा मात्र वर्षानुवर्षं तिथेच. ॲस्ट्रोसॅटच्या विदेत तो ६७.४ ते ७२.३ च्या दरम्यान हललेला सापडला (२०१९ चा शोधनिबंध, पुन्हा बेलोनीच, भारतीय सहकाऱ्यांबरोबर), पण तेवढाच. खग्रासांच्या हिशोबाने जाऊ. ११२ किलोमीटरला १७७ फेऱ्या, तर ६७ फेऱ्या कुठे? केप्लरच्या नियमाने सुमारे २१३ किलोमीटरला. तिथला माल प्रकाशाच्या तीन-दशांश वेगाने धावतोय. पण तो ठेका तिथल्या फेरीचाच आहे हे कुणी सिद्ध केलेलं नाही. जीआरओ जे१६५५-४० ह्या आणखी एका कृष्णविवरात ३०० आणि ४५० हर्ट्झची जोडी दिसते, म्हणजे २:३. काही जण म्हणतात हा दोन दोलनांचा अनुनाद. काही म्हणतात, इतक्या मोजक्या आणि अशक्त सुळक्यांवर एवढा इमला नको. मी दुसऱ्या गटात होतो आणि अजून आहे.

आता थोडं घरचं. ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोटाहून गेला. त्यावरचं लॅक्सपीसी हे उपकरण मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) बनलं. झेनॉन वायूने भरलेल्या तीन मोठ्या पेट्या, ३ ते ८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे क्ष-किरण पकडणाऱ्या, आणि प्रत्येक फोटॉनच्या येण्याची वेळ १० मायक्रोसेकंदांपर्यंत लिहून ठेवणाऱ्या. हेच त्याचं बळ. आरएक्सटीई २०१२ च्या जानेवारीत बंद पडला होता, त्यामुळे वेळ मोजणाऱ्यांना हे वरदानच होतं. पुढे एका पेटीतला वायू गळत गेला आणि २०१८ मध्ये ती बंद करावी लागली. त्याही आधी १९९६ मध्ये आयआरएस-पी३ उपग्रहाबरोबर आपलं एक छोटं क्ष-किरण उपकरण गेलं होतं. त्यानेही ह्याच जीआरएस १९१५ ला पकडलं होतं आणि त्याचे स्फोट नोंदवले होते. म्हणजे हे पोरगं आपल्या घरात दुसऱ्या पिढीपासून आहे.

सायंताराताई, तुमच्या भाचीबद्दल दोन प्रश्न. एक, तिने प्रकाशवक्र (वेळेनुसार तेजाचा आलेख) किती सेकंदांच्या कप्प्यांत केला? एकेक सेकंदाचे कप्पे केले असतील तर अर्ध्या हर्ट्झच्या वरचं काही तिला दिसूच शकत नाही. ६७ हर्ट्झ सोडा, तिचा साडेतीनचा सुळकाही नाही.

दोन. तो ०.०००१७ चा तिचा शोध. एक भागिले तो आकडा किती येतो, मिनिटांत?

---

सायंतारा
रविवार, रात्री ११:५२

५८८२ सेकंद. म्हणजे ९८ मिनिटं.

का?

---

नळीतला झेनॉन
सोमवार, रात्री १२:०४

ॲस्ट्रोसॅट ६५० किलोमीटरवरून पृथ्वीला एक फेरी किती वेळात घालतो?

---

सायंतारा
सोमवार, रात्री १२:२०

अरे देवा.

---

काहीलकर
सोमवार, सकाळी ६:४५

आम्हा गरिबांना पण सांगा की.

---

नळीतला झेनॉन
सोमवार, सकाळी ९:३०

उपग्रह साडेसत्त्याण्णव मिनिटांत एक फेरी घालतो. दर फेरीत थोडा वेळ पृथ्वी आडवी येते आणि स्रोत दिसत नाही. शिवाय दक्षिण अटलांटिकवरच्या भारित कणांच्या पट्ट्यातून जाताना उपकरणाचा विद्युतदाब उतरवून ठेवतात. म्हणजे विदेत दर ९८ मिनिटांनी भोकं. भोकं आवर्ती, म्हणून सुळका आवर्ती. मुलीने शोधला तो कृष्णविवराचा ठेका नाही, आपल्याच उपग्रहाची फेरी.

तिला रागावू नका. मी ह्याच खड्ड्यात पडलोय. माझा सुळका ह्याच्या दुप्पट वारंवारितेला होता, म्हणून ओळखता आला नाही. दोन आठवडे कुणाला न सांगता जपला. शोधनिबंधाचं शीर्षकही ठरवलं होतं. गटाच्या बैठकीत मोठ्या आवाजात मांडलं. सर काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं, माझ्याच छापील चित्राच्या समासात एक भागाकार केला आणि कागद माझ्याकडे सरकवला. चहा आला तेव्हा मी बिस्किटही घेतलं नव्हतं.

---

मुळ्याची भाजी
सोमवार, सकाळी ९:४१

विमा क्षेत्राचा फायदा झाला.

---

जुना दुर्बीणवाला
सोमवार, सायंकाळी ६:१५

हौशी लोकांचं दुःख कोण मांडणार? म्हणून थोडं अवांतर.

जून २०१५. व्ही४०४ सिग्नी, हेही कृष्णविवराचं जोडपं, १९८९ नंतर २६ वर्षांनी जागं झालं. एरवी मोठ्या दुर्बिणीशिवाय न दिसणारी ही गोष्ट एकदम आठ इंची दुर्बिणीच्या टप्प्यात. पुढे क्योटोच्या किमुरा आणि मंडळींचा निबंध आला, जगभरच्या छोट्या दुर्बिणींच्या नोंदी जोडून. शंभर सेकंदांपासून अडीच तासांपर्यंतचे चढउतार चक्क साध्या प्रकाशात. म्हणजे डोळा लावून बसलात तर कृष्णविवराचा माल आत पडताना मिचमिचतोय हे दिसलं असतं. क्ष-किरण नको, उपग्रह नको.

माझ्याकडे आठ इंची दुर्बीण होती. गच्चीही. आणि मृगाचा पाऊसही होता. तीन रात्री प्लास्टिक पांघरून गच्चीवर बसलो. दुसऱ्या रात्री दीडच्या सुमारास हंसाच्या मानेपाशी ढगांना भोक पडलं, मी आच्छादन काढलं, शोधकातून तारा गाठेपर्यंत भोक बुजलं. खाली आलो तेव्हा बायकोने विचारलं, "दिसलं?" मी म्हटलं, "होतं तिथे." पुढच्या वेळी निदान ऑक्टोबरात उठावं.

ज्यांना काहीतरी बघायचंच आहे त्यांनी सिग्नस एक्स-१ चा जोडीदार तारा बघा. नवव्या प्रतीचा निळा महाराक्षसी तारा, हंसातल्या ईटा ताऱ्यापासून अर्ध्या अंशावर. साध्या छोट्या दुर्बिणीतून दिसतो. शेजारचं कृष्णविवर (अंदाजे २१ सूर्य) अर्थातच दिसत नाही, पण तो तारा त्याच्याबरोबर ५.६ दिवसांत एक गिरकी घेतोय हे माहीत असलं की तो ठिपका वेगळा वाटतो.

---

रानभुली
सोमवार, सायंकाळी ७:०२

"होतं तिथे." दुर्बीणवाले, _/\_

जीआरएस १९१५ आता काय करतो? अजून ठोके देतो का?

---

खग्रास
सोमवार, रात्री ९:२६

१९९२ पासून २६ वर्षं तो क्ष-किरणांत सतत तेजस्वी होता. एवढा लांब स्फोट ही सवयच झाली होती. २०१८ च्या मध्यात मंद व्हायला लागला, २०१९ मध्ये आणखी. लोक म्हणाले, चला, झोपला. पण रेडिओत त्याचे भडके चालूच राहिले, तेही जोरदार. म्हणजे माल आत पडतोच आहे, आपल्या आणि त्याच्यामध्ये वायूचा जाड पडदा आलाय. खोलीचा दिवा चालू, खिडकीला गोधडी लावलेली.

स्वतः बघायचं असेल तर अंतराळ स्थानकावरच्या मॅक्सी ह्या जपानी उपकरणाचे प्रकाशवक्र जालावर सगळ्यांसाठी उघडे असतात. सकाळी सोन्याचा भाव बघावा तसा मी बघतो. ॲस्ट्रोसॅटची जुनी विदाही इस्रोच्या संग्रहातून मिळते.

---

तिरकस कोन
सोमवार, रात्री ९:५०

गोधडीचा पुरावा?

---

खग्रास
सोमवार, रात्री ९:५२

क्ष-किरण वर्णपटात कमी ऊर्जेचा भाग खाल्लेला दिसतो. शोषण. ह्यावर तरी भांडू नका.

---

तिरकस कोन
सोमवार, रात्री ९:५८

ह्यावर नाही भांडत. दमलो.

---

सायंतारा
गुरुवार, रात्री ९:१०

धागा वर काढते, हिशोब द्यायचा राहिला.

सोमवारी सकाळी भाचीला फोन केला. "एक भागिले ०.००० एक सात कर," एवढंच म्हटलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "मावशी, तू कुणाला विचारलंस?" इथलं सांगितलं. आधी रुसली, मग सगळे प्रतिसाद वाचून काढले. मुतारीची टाकी तिने सादरीकरणात घेतली आहे, गाइडना चालेल का ते माहीत नाही. गाइडना तिसरं चित्र दाखवायच्या आत सावध केलंत म्हणून झेनॉन ह्यांना तिचे विशेष आभार.

कप्प्यांचं असं: तिसऱ्या चित्रासाठी एक सेकंदाचे, दुसऱ्यासाठी सेकंदाच्या शंभराव्या भागाचे घेतले होते. म्हणजे ५० हर्ट्झपर्यंतच दिसणार, ६७ नाहीच. आता तिने सेकंदाच्या हजाराव्या भागाचे केले. ६७ ला काही नाही, सपाट. तिचं म्हणणं, ह्या अवस्थेत तो नसतोच बहुतेक वेळा, दुसऱ्या वर्गात शोधायला हवा. पण साडेतीनचा सुळका जागच्या जागी आहे, आणि तिने त्याच वर्गाची आणखी दोन निरीक्षणं काढली. एकात ३.४, दुसऱ्यात ४.१. सरकतोय.

ढोलताशा, रुंदीने भागून बघायला मी सांगितलं. आठ आले.

---

ढोलताशा_८७
गुरुवार, रात्री ९:३३

आठ? आमच्या पथकात घ्या त्याला.

---

तिरकस कोन
गुरुवार, रात्री १०:०१

आठ कितीच्या चुकीसह?

---

सायंतारा
गुरुवार, रात्री १०:०४

विचारते. झोपली असेल तर उद्या.